बत्तिसावी चिठ्ठी

लेकराच्या हातात पाप नसतं, असं सर्वानुमते ठरलं
आणि परभणी डेपोच्या कँटीनमध्ये
मला टेबलावर उभं केलं.
पुढं वाकोडे कंडक्टरची चामड्याची बॅग,
आत बत्तीस चिठ्ठ्या,
बाद झालेल्या तिकिटांच्या पाठीवर लिहिलेल्या.
अण्णा नावं वाचत गेले, मी नंबर काढत गेलो.
मला अजून वाचता येत नव्हतं.
हात घातला की मनगटापर्यंत अंधार,
अन् नाण्यांचा वास.

खाजामियाँ ड्रायव्हरला सात नंबर, कोपऱ्याचा,
दोन्हीकडून रस्ता.
त्यांनी मला खांद्यावर घेऊन कँटीनभर फिरवलं.
शेषेराव खंदारेंना डीपीखालचा.
ते काही बोलले नाहीत,
चहा तसाच ठेवला, सायकलवर टांग टाकली.

अण्णा सोसायटीचे सेक्रेटरी.
स्वतःचं नाव त्यांनी सगळ्यात खाली लिहिलेलं.
त्यांच्या पाळीला बॅगेत एकच चिठ्ठी.
काढायचं असं काही उरलंच नव्हतं,
तरी मी हात घातला,
कारण सगळे बघत होते.

बत्तीस. नाल्याकडचा.

मुरूम संपतो तिथं आमचं घर सुरू व्हायचं.
पायाखाली पुरुषभर काळी माती,
पावसात फुगायची, चैतात उलायची,
आणि भिंतही तिच्यासंगं उलायची.
होळी झाली की न्हाणीच्या कोपऱ्यातून
एक रेघ निघायची,
कॅलेंडरच्या मागून, देवळीला वळसा घालून
थेट आढ्याकडं.
आई म्हणायची, आली बघा पाहुणी.
मी तिच्यात काय काय ठेवलं:
निळी काचेची गोटी, गणिताच्या चाचणीचा कागद,
मामानं दिलेली पाचची नोट, चौघडी करून.
जूनमध्ये भिंत मिटली.
नोट आतच राहिली.

माझ्या उजव्या हाताची कॉलनीभर उधारी होती.
ईदला शीरखुर्म्याची पहिली वाटी
खाजामियाँच्या घरी मला, त्यांच्या पोरांना नंतर.
डीपी उडाली की खंदारेकाकू
मेणबत्ती घेऊन दारात यायच्या
आणि आमच्या घराकडं बघायच्या.
मी तेव्हा तिसरीत.
लोमटे मेकॅनिक मला सायकलच्या दांड्यावर बसवून
स्टँडवर न्यायचे, लॉटरीचं तिकीट निवडायला.
एकदाही लागलं नाही.
तरी भजी खाऊ घालायचे,
म्हणायचे, हात चांगलाय रे तुझा, माझंच कपाळ फुटकंय.
बॅटिंगचे नंबर पाडायला मात्र
पोरं मला हात लावू द्यायची नाहीत.

टँकर पहिल्या घरापासून सुरू व्हायचा,
बत्तीसपर्यंत येईस्तोवर पाइपातून
पाणी कमी, गुळगुळ जास्त.
असंच एकदा रिकामी घागर घेऊन उभा असताना
मी अण्णांना विचारलं,
तुम्ही आपलं नाव वर कामून नाही लिहिलं?
ते सोसायटीची पावतीबुकं लावत होते.
म्हणाले, सेक्रेटरीचं नाव वर असलं
की लोक चिठ्ठी बघत नाहीत, हात बघतात.
मग बराच वेळ त्यांना
एका पावतीचा नंबर सापडेना.

सात नंबरला आता झेरॉक्सचं दुकान आहे.
डीपी हलवली, खंदारे गेल्यावर दोन वर्षांनी.
अण्णाही नाहीत. आई माझ्याकडं असते,
चौथ्या मजल्यावर, जिथल्या भिंती कुठंच जात नाहीत.

परवा घर दाखवायला गेलो.
चैत. रेघ आढ्यापर्यंत पोचलेली.
गिऱ्हाइकानं भिंतीवर टिचकी मारली,
फटीत करंगळी घातली, माझ्याकडं बघितलं.
मी म्हणालो, दरवर्षी येते. जूनमध्ये जाते.
त्याला वाटलं
मी कुणा नातेवाइकाबद्दल बोलतोय.
म्हणाला, चालंल, पण घर रिकामं करून द्या.